फुकटचा मुस्तफा

पुण्याहून दिवाळीसाठी उचगावला निघालो तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा वायरी जास्त होत्या. एक रास्पबेरी पाय, दोन यूएसबी जॉयस्टिक, एचडीएमआय केबल, चार्जर आणि ६४ जीबीचं मेमरी कार्ड. कार्डावर किती गेम आहेत ते मी मोजलं नव्हतं, काही हजार असावेत. भाऊबिजेच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मी ते सगळं टीव्हीला जोडलं, घरातली पोरं गोळा केली आणि 'मुस्तफा' सुरू केला.

बाराव्या मिनिटाला पोरं उठून गेली.

गेम आवडला नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. डायनासोर बघून ती किंचाळली होती, कोण मुस्तफा होणार यावरून भांडलीही होती. पण जॉयस्टिकवरचं एक बटण दाबलं की क्रेडिट वाढतं, हे ताईच्या आठ वर्षांच्या पोराला लगेच उमगलं. मग त्याने ते बटण दाबूनच धरलं. मेला, उठला. मेला, उठला. शेवटी जॉयस्टिक माझ्या हातात देत म्हणाला, "मामा, ह्यात हरायचं कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. तुमच्याही फोनवर 'तुमचं बालपण परत, दहा हजार गेम एका डबीत' अशा जाहिराती येत असतील. त्या डबीत खरंच काय परत येतं आणि काय येत नाही, याचं हे परीक्षण.

*

आधी डबी कशी चालते ते थोडक्यात सांगतो. रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाच्या आकाराचा कॉम्प्युटर. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला तेव्हा किंमत होती ३५ डॉलर. केंब्रिजच्या एबन अप्टन आणि मंडळींना शाळकरी पोरांच्या हाती प्रोग्रॅमिंग करता येईल असा स्वस्त कॉम्प्युटर द्यायचा होता. पोरांनी त्यावर काय केलं ते पोरांना ठाऊक, पण मोठ्या माणसांनी त्यावर आपल्या लहानपणीचे गेम चढवले. रेट्रोपायसारखी तयार सिस्टिम कार्डावर टाकायची, कार्ड खाचेत सारायचं, झालं. माझा पाय तिसऱ्या पिढीतला, २०१६ चा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने त्यावर 'स्वयंचलित ठिबक सिंचन' हा प्रोजेक्ट केला होता. महाराष्ट्रातल्या निम्म्या इंजिनिअरांनी तोच केलाय. परीक्षा झाल्यावर ठिबकही बंद आणि पायही ड्रॉवरमध्ये.

यातला खरा चमत्कार एम्युलेटरचा आहे. मुस्तफाचं मूळ मशीन कॅपकॉम कंपनीच्या सीपीएस-१ या घराण्यातलं. त्यात मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झवर चालायचा. माझ्या पायचा प्रोसेसर १२०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे शंभरपट. एवढा वेग लागतो, कारण एम्युलेटर गेम नुसता 'चालवत' नाही. जुन्या बोर्डावरची प्रत्येक चिप कोणत्या क्षणी काय करत होती, याची तो सॉफ्टवेअरमध्ये हुबेहूब नक्कल करतो. चित्राची चिप वेगळी, आवाजाची वेगळी, आणि सगळ्यांचा ताल जुळायला हवा. गेमला पत्ताही लागत नाही की आपण लाकडी खोक्यात नसून उचगावच्या एका टीव्हीमागे लटकतोय.

या कामातलं सगळ्यात मोठं नाव 'मेम'. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. आज तो प्रकल्प जगभरातले लोक फुकट, हौसेने चालवतात. त्यांची भूमिका मला फार आवडते. जुनी मशीनं आत कशी चालत होती याची नोंद ठेवणं, हे ते आपलं काम मानतात. गेम खेळता येतो हा त्यांच्या लेखी त्या नोंदीचा पुरावा, वरचा फायदा.

या नोंदीची किंमत कळायला कोल्हापूरकराला लांब जायला नको. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि 'सैरंध्री' काढला, १९२० साली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज कुठेच बघायला मिळत नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये, तोवर फिल्म जळून, विरघळून, भंगारात जाऊन संपली होती. गेमांचंही तसंच होतंय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, तिथे २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत असं दिसलं.

आमचा मुस्तफा त्या न मिळणाऱ्यांतलाच. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', साल १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या अमेरिकन कॉमिकवर बेतलेला. त्यात चार पात्रं आहेत आणि नायक आहे जॅक टेनरेक. भारताने मात्र जॅकला बाजूला सारून पिवळ्या टोपीच्या, सगळ्यात चपळ मुस्तफाच्या नावाने अख्ख्या गेमचं बारसं करून टाकलं. उचगावात 'कॅडिलॅक' म्हणजे काय हे कुणाला माहीत होतं? २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमांचा संच नव्याने विकायला काढला, त्यात हा नाही. गेम कॅपकॉमचा, पण पात्रं आणि जग दुसऱ्याचं. म्हणजे पैसे मोजायची तयारी असली तरी दुकानात जाऊन घेता येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची राखीव प्रत करायला मुभा आहे, पण न घेतलेल्या बोर्डाची फाइल उतरवून घेणं त्यात बसत नाही. माझ्या कार्डावरचा मुस्तफा न बसणाऱ्यांतला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

*

आता तात्यांबद्दल. तात्या माझे चुलते. हुपरी रोडला त्यांचा दहा बाय बाराचा गाळा होता, त्यात चार मशीनं. मी जायचो ती वर्षं साधारण २००६ ते २००९. दारावर जाड कापडाचा पडदा, आत ट्यूबलाइट बंद, घामाचा आणि तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास. एका मशीनवर मुस्तफा, एकावर 'किंग ऑफ फायटर्स ९७', उरलेली दोन बदलत असायची. एक रुपया, एक क्रेडिट. पोरं गॅसच्या लायटरचा खटका नाण्याच्या फटीजवळ मारून फुकट क्रेडिट काढायला बघायची आणि तात्या मागून पाठीत धपाटा घालायचे. घरात पुतण्या, दुकानात मीही गिऱ्हाईकच. माझ्याकडूनही रुपया घ्यायचे.

पोरं उठून गेल्यावर तात्या टीव्हीसमोर येऊन बसले. जॉयस्टिक हातात घेतली नाही. दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, "माणसं रुंद झाल्यात रं."

खरं होतं. टीव्हीने चौकोनी चित्र ओढून आडवं केलं होतं. ते मी दुरुस्त केलं. मग म्हणाले, "आवाज लई चकाचक हाय. आपला असा न्हवता."

इथे मला थांबावं लागलं, कारण हा दोष नव्हता. मूळ गेमला क्यू-साउंड नावाची त्या काळातली भारी ध्वनियंत्रणा होती आणि एम्युलेटर तीच ऐकवत होता. तात्यांच्या मशीनमध्ये ती नव्हती, कारण तो बोर्डच नकली होता. मूळ बोर्ड महाग पडायचा, म्हणून महागड्या चिपा काढून स्वस्त बसवलेले नकली बोर्ड आपल्याकडे यायचे. आवाज फाटका, संगीत अर्धवट. आम्ही ज्याला मुस्तफा म्हणून ओळखत होतो ती मुळात एक नक्कल होती. आता मी त्यांना दाखवत होतो ती अस्सलाची नक्कल, आणि तात्यांच्या कानाला तीच खोटी वाटत होती.

मेमवाल्यांचं मोठेपण इथे दिसतं. त्यांनी नकली बोर्डसुद्धा मन लावून नोंदवलेत. मुस्तफाच्या मूळ नोंदीखाली वेगवेगळ्या आवृत्त्यांची यादी आहे आणि तिच्या शेवटी काही नावांपुढे 'बूटलेग' असा शेरा. आमचं बालपण त्या शेऱ्याच्या आसपास कुठेतरी आहे. नक्कल म्हणजे कमअस्सल असंही दर वेळी नसतं. 'स्ट्रीट फायटर २' ची 'रेनबो' म्हणून ओळखली जाणारी चोरटी आवृत्ती इतकी वेगवान आणि धुडगूस घालणारी होती, की तिच्या लोकप्रियतेला उत्तर म्हणून कॅपकॉमला १९९२ मध्ये अधिकृत वेगवान आवृत्ती काढावी लागली. विकायच्या डब्या तयार करणारे मात्र ही सगळी यादी छाटून टाकतात. त्यांच्या मेनूत प्रत्येक गेमची एकच 'चांगली' प्रत असते. अमेरिकन मॉलमधल्या निऑन दिव्यांची चित्रं पार्श्वभूमीला, आणि आपण ती बघून म्हणायचं, अहाहा, आमचे दिवस. अहो, ते दिवस आपले नव्हतेच.

*

मग मी कीबोर्ड जोडला आणि एफ-२ दाबलं. गेम थांबून काळ्या पडद्यावर साधी अक्षरं आली. हा सर्व्हिस मेनू, मशीनच्या मालकासाठी असलेला. मी लहानपणी तो कधीच पाहिला नव्हता. तात्या खुर्चीतून पुढे सरकले.

"हे कुठनं काढलंस?"

त्या मेनूत एका क्रेडिटला किती नाणी, गेम किती अवघड, मेल्यावर पुढे चालू ठेवू द्यायचं की नाही, हे सगळं ठरवता येतं. तात्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येतं जेमतेम, पण कितव्या ओळीवर काय आहे ते त्यांच्या बोटांना आठवत होतं. त्यांनी अवघडपणा दोन पायऱ्या चढवला. मी विचारलं, "तात्या, तुम्ही हे असं ठेवायचा?"

"शाळेला सुट्टी लागली की चढवायचो. पोरं लई सरावायची, एका रुपयात अर्धा तास हलायची न्हाईत. मग लाइटबिल कोण भरणार?"

मी हसलो, पण जरा लागलंही. मे महिन्यात मी चौथ्या टप्प्याच्या पुढे का जाऊ शकत नव्हतो याचं कारण मला पंधरा-सोळा वर्षांनी कळत होतं. मला वाटायचं माझा हात बिघडला. त्या पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे गेम चालू होते. आम्ही डायनासोरशी लढत होतो आणि तात्या लाइटबिलाशी.

एम्युलेटरने ही दुसरी बाजूही सांभाळून ठेवली आहे. मालकाच्या हातातले खटके त्याने जपलेत, फक्त आता ते कुणी हलवत नाही. डबीवाले डीफॉल्ट म्हणून फुकट, अमर्याद क्रेडिट देतात. त्यांना वाटतं ही सोय आहे. पण हे गेम नाण्याभोवती रचलेले होते. तिसऱ्या मिनिटाला अंगावर धावून येणारी झुंड, मेल्यावर सुरू होणारी उलटी मोजणी, तेव्हा खिशात चाचपडणारा हात, हे सगळं त्या रचनेत धरलेलं होतं. रुपया काढून घेतला की राहते ती नुसती हाणामारी. आखाड्यातली लाल माती कुंडीत भरून आणली म्हणून कुस्ती घरी येत नाही. भाच्याचा प्रश्न बरोबर होता. जिथे हरता येत नाही, तिथे बारा मिनिटंसुद्धा फार झाली.

*

इथवर मी ताईला हे सगळं मोठ्या जोशात सांगितलं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती चकल्यांचा डबा भरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला रुपयाची आठवण येत्या, कारण तुला रुपया मिळायचा."

तात्यांच्या गाळ्यात ताई कधी गेली नव्हती. कुठलीच मुलगी जात नव्हती. कुणी पाटी लावली नव्हती, तरी तो पडदा पोरींसाठी नाही हे गावाला माहीत होतं. मला सुट्टे पैसे मिळायचे 'पोरगं हाय, खेळू दे' म्हणून. तिला दळण आणायला पाठवायचे आणि उरलेले पैसे मोजून परत घ्यायचे. एकदा ती मला बोलवायला आली तेव्हा पडद्याबाहेर उभी राहून हाका मारत होती आणि मी शेवटच्या जिवावर असल्याने ओ दिली नव्हती. मी ते विसरलो होतो, ती नाही.

मी कपाळाला आठ्या घालून अमर्याद क्रेडिटवर टीका करत होतो, आणि त्याच फुकट क्रेडिटवर ताई त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मुस्तफा खेळली. बटण धडाधड दाबत, हसत, डायनासोरवर आणि माझ्यावर राग काढत. तिला हरण्यातल्या मजेशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त आत काय होतं ते बघायचं होतं.

हेच आमच्या तऱ्हेच्या आठवणींमधलं सगळ्यात मोठं खोटं. 'पार्लरचे दिवस' म्हणून लिहिताना आम्ही पोरं वास, घाम, रुपया सगळं लिहितो, पडद्याबाहेरचं लिहीत नाही. आतलंही सगळं लिहीत नाही. त्याच वर्षांत 'व्हिडिओ गेम पार्लर' हा शब्द वर्तमानपत्रांत बहुतेकदा छाप्याच्या बातमीत यायचा, कारण या नावाखाली अनेक ठिकाणी जुगाराची मशीनं चालायची. तात्यांनी तशी मशीनं ठेवली नाहीत, पण लोकांच्या नजरेत फरक राहिला नाही. आजोबा जेवताना त्यांच्याशी बोलत नसत. पुढे फोन आले, गिऱ्हाईक आटलं, आणि तात्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीत लागले. मशीनं भंगारवाल्याने वजनावर नेली. काच आणि लोखंड जड म्हणून बरे पैसे आले. बोर्डाचं वजन काहीच नाही.

*

तर या डबीचा निकाल काय? मशीन जपण्याच्या कामात तिला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. एवढ्या स्वस्तात, एवढं अचूक, आणि नकलेचीसुद्धा लाज न बाळगता जपलेलं दुसरं संग्रहालय माझ्या माहितीत नाही. पण मशीन कोणत्या अटींवर चालत होतं, हे कुठल्याच चिपमध्ये लिहिलेलं नव्हतं. रुपया कुणाच्या हातात होता, अवघडपणा कुणी आणि का चढवला, पडद्याबाहेर कोण उभं होतं, हे मेमच्या मंडळींना इटलीत बसून कळणार नाही. ते आपल्यालाच लिहून ठेवावं लागेल. आणि जुन्या अटी एकदा नीट समोर मांडल्या, की त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची हेही ठरवता येतं. अमर्याद क्रेडिट म्हणजे न ठरवणं.

माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच सुचलं की नाणं ओळखणारं यंत्र मागवावं, पायच्या पिनांना जोडावं, त्यातून क्रेडिटचा सिग्नल द्यावा. तात्या म्हणाले, "वाटी ठेव की." आतल्या खोलीतून त्यांनी श्रीखंडाचा एक जुना डबा आणला. त्यात जुनी, मोठ्या आकाराची रुपयाची नाणी होती, २०११ मध्ये लहान नाणं येण्याआधीची. गाळा बंद झाला त्या दिवशीचा गल्ला, तसाच राहिलेला.

दुसऱ्या दिवशी नियम ताईने ठरवले. माणशी पाच रुपये, मुलगा-मुलगी, लहान-मोठा सगळ्यांना सारखे. क्रेडिटचं बटण दाबण्याआधी नाणं स्टीलच्या वाटीत टाकायचं. तात्यांनी अवघडपणा एक पायरी खाली आणला, "दिवाळी हाय" म्हणून. पोरं दोन तास हलली नाहीत. चुलतभावाची थोरली पोरगी तिसऱ्या टप्प्यातली गाडी पार करून पुढे गेली, भाचा पाचही रुपये उडवून रडला आणि बहिणीकडे एक रुपया उसना मागू लागला. तिने दिला नाही.

डबी उचगावलाच ठेवून आलोय. निघायच्या आधी कार्डावर मुस्तफाच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाकली. तात्यांनी सांगितलं तसं लिहिलं: मशीनं चार. दर एक रुपया. बोर्ड नकली, आवाज फाटका. मे महिन्यात अवघडपणा दोन पायऱ्या वर. लायटरने क्रेडिट निघायचं, कधी कधी. शेवटची ओळ ताईने सांगितली, ती म्हणाली तशीच ठेवली: पोरींना आत येऊ देत नव्हते.